दर्शनी भिंतीमागचं बिऱ्हाड : ग्दान्स्कच्या मध्यवस्तीची पुनर्बांधणी

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात द्वुगा नावाचा रस्ता आहे. तिथली घरं पाहिली की कुणीही म्हणेल, ही सतराव्या शतकातली. अरुंद, उंच, एकमेकांना खेटून उभी. माथ्यावर नक्षीदार त्रिकोण, दारांना कोरीव दगडी चौकटी, खिडक्यांच्या मधल्या जागेत रंगवलेल्या आकृत्या. पहिल्या दिवशी मीही तेच धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी एका कमानीखालून सहज मागच्या अंगाला गेलो आणि जागच्या जागी थबकलो. मागे गवताचं भलंमोठं आवार, झाडं, मुलांचा झोका, ओळीनं लावलेल्या गाड्या, आणि चहूबाजूंनी साध्या गिलाव्याच्या भिंती. खिडक्या सगळ्या एका मापाच्या. एखाद्या सरकारी वसाहतीच्या मागच्या अंगणात आल्यासारखं वाटलं. थोडी माहिती काढल्यावर कळलं, ही खरोखरच सरकारी वसाहत आहे. १९५०च्या दशकात कामगारांसाठी बांधलेली.

या प्रकरणाचा गाभा त्या दोन बाजूंमध्ये आहे. बेचिराख झालेलं शहर पुन्हा उभं करताना इथल्या लोकांनी एक तडजोड केली: रस्त्याकडचं तोंड जुनं, आतलं घर नवं. वास्तुजतनाच्या क्षेत्रात या तडजोडीवर टीका भरपूर झाली. खोटा देखावा, रंगमंचावरचा पडदा, असं तिच्याबद्दल आजही बोललं जातं. मला ती टीका अपुरी वाटते. ही मध्यवस्ती उभी राहिली ती तिथे माणसं राहायला आणायची होती म्हणून. नुसत्या नक्षीसाठी त्या काळात कुणी एवढा चुना-सिमेंट दिला नसता.

कोणतं शहर, कुणाचं शहर

आधी नावांचा घोळ मिटवू. पर्यटक ज्याला 'ओल्ड टाऊन' म्हणतात ते जुनं शहर नव्हेच. त्याचं नाव ग्वुव्हने म्यास्तो, म्हणजे मुख्य शहर. खरं 'जुनं शहर' त्याच्या उत्तरेला आहे आणि त्याची गोष्ट वेगळी आहे; ती पुढे येईल. या लेखात मध्यवस्ती म्हणजे मुख्य शहर.

शहराचा पहिला लेखी उल्लेख ९९७ सालचा. मोत्वावा नदीच्या काठावर, विस्तुलाच्या मुखाजवळ वसलेलं हे बंदर. विस्तुलातून पोलंडच्या आतल्या भागातलं धान्य आणि लाकूड खाली यायचं, इथल्या कोठारांत साठायचं आणि जहाजांत भरून पश्चिमेकडे जायचं. १३०८ मध्ये ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघानं, शहर घेतलं. पुढे ते हान्सा व्यापारीसंघात शिरलं, आणि १४५४ मध्ये सरदारांचं जोखड झुगारून पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आलं, तेही भरभक्कम सवलती पदरात पाडून. सोळावं-सतरावं शतक हा त्याचा सुवर्णकाळ. राजा पोलिश, बहुतेक नागरिक जर्मन बोलणारे, धर्म मुख्यतः ल्युथरन, आणि इमारती बांधायला बोलावलेले उस्ताद बरेचसे नेदरलँड्समधले. शस्त्रागाराची भव्य इमारत आंतोनी व्हान ओबेर्घेन याची, तर सोनेरी दरवाजा (१६१२–१४) आब्राहाम व्हान डेन ब्लोके याचा.

१७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत शहर प्रशियाकडे गेलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं 'डान्झिग मुक्त शहर' झालं; डान्झिग हे ग्दान्स्कचं जर्मन नाव. ना पूर्ण जर्मनीचं, ना पोलंडचं. १ सप्टेंबर १९३९ रोजी बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाट्टे इथल्या पोलिश ठाण्यावर 'श्लेस्विग-होल्स्टाइन' या जर्मन युद्धनौकेनं तोफा डागल्या आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं.

हे सगळं सांगायचं कारण एकच. पुढे १९४५ मध्ये जेव्हा 'जसं होतं तसं बांधा' म्हणायची वेळ आली, तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला की यातलं कोणतं 'होतं' धरायचं?

मार्च १९४५

मार्चच्या अखेरीस मार्शल रोकोसोव्हस्की यांच्या सोव्हिएत फौजेनं शहर जिंकलं. तोफा आणि विमानांनी बरंच पाडलं होतं. शहर हातात आल्यावर सैनिकांनी लावलेल्या आगींनी उरलेलं जाळलं. कम्युनिस्ट राजवटीत हा दुसरा भाग उघडपणे बोलता येत नसे. ऐतिहासिक भागाची हानी साधारण नव्वद टक्के झाली असं नेहमी सांगितलं जातं.

आकड्यापेक्षा सेंट मेरी चर्चची हकिगत जास्त सांगून जाते. विटांनी बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी हे एक: लांबी १०५ मीटरपेक्षा जास्त, बांधकाम १३४३ ते १५०२, म्हणजे पाचसहा पिढ्यांचं काम. छपराचं लाकूड पेटलं, चौदा मोठ्या कमानी छतासकट खाली आल्या, मनोऱ्यातल्या घंटांचे सांगाडे जळून घंटा कोसळल्या. मनोरा धुराड्यासारखा ओढ घेत राहिला, आणि वरच्या भागात उष्णता इतकी चढली की काही विटा वितळल्या. वीट मुळात भट्टीतूनच निघालेली असते. तीच वितळते म्हणजे मनोऱ्याची भट्टी झाली होती. अंतर्भागातल्या बऱ्याच कलावस्तू मात्र आधीच आसपासच्या खेड्यांत हलवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

शहरातली माणसंही बदलली. जर्मन रहिवासी काही आधीच पळाले होते, उरलेल्यांना पुढच्या काळात घालवून देण्यात आलं. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून लोक आले, आणि पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकवल्यामुळे जी पूर्वेकडची मुलखं सोव्हिएत संघात गेली तिथून आले: विल्नो (आजचं विल्नियस), ल्वुव्ह (आजचं ल्विव्ह) आणि आसपासच्या प्रदेशांतून. ग्दान्स्कच्या तंत्रविद्यापीठात ल्वुव्हहून आलेले प्राध्यापक होते. युद्धानंतरचे पहिले प्रांतीय स्मारक-संरक्षक यान बोरोव्हस्की हे विल्नोहून आले होते.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी एक दूरचा पण खरा धागा आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीनं सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली ती बाया-मुलं मूळची याच पूर्वेकडच्या मुलखातली होती. गाव गमावलेल्या एकाच समाजातले काही जण पंचगंगेच्या काठी दिवस काढत होते, आणि काही जण बाल्टिकच्या काठावर परक्यांच्या जळक्या शहरात विटा वेचत होते. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत ते पोलिश लोक अजून आहेत. ग्दान्स्कच्या पुनर्बांधणीबद्दल वाचताना मला सारखी त्यांचीच आठवण येत राहिली.

पर्याय काय होते

वॉर्सात पुनर्बांधणीचा प्रश्न भावनेनं सोडवला होता. शहर आपलं, शत्रूनं ठरवून पाडलं, आपण ते पुन्हा उभारणार. लोकांना वेगळं काही पटलंच नसतं. ग्दान्स्कमध्ये तसं नव्हतं. नव्या रहिवाशांपैकी बहुतेकांनी जळण्यापूर्वीचं शहर पाहिलंही नव्हतं. ज्या घराची आठवणच नाही ते पुन्हा का बांधायचं? आणि जर्मनांची आठवण आपण का जपायची?

मग सूचना निघाल्या. काहींना वाटत होतं, अवशेष तसेच ठेवावेत, स्मारक म्हणून. काहींना सपाट करून आधुनिक शहर हवं होतं: रुंद रस्ते, सुटे ठोकळे, हवा आणि ऊन. आणि एक गट, त्यात संरक्षक आणि वास्तुविशारद होते, म्हणत होता की रस्त्यांची जाळी, भूखंडांची रुंदी आणि घरांची तोंडं राखलीच पाहिजेत. १९४७ मध्ये ऐतिहासिक भागाची स्मारक म्हणून नोंद झाली. त्यामुळे सरसकट सपाटीकरणाचा मार्ग बंद झाला. पण बांधकामाचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच होता.

त्याचं उत्तर मिळालं ते घरांच्या टंचाईतून. १९४८ मध्ये सरकारनं कामगार वसाहती बांधणारी संस्था स्थापन केली. तिच्याकडे निधी होता, विटा होत्या, माणसं होती, आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या कुटुंबांची लांबलचक यादी होती. जहाजकारखाने आणि बंदर सुरू करायचं तर कामगार जवळ राहायला हवेत. मध्यवस्ती जहाजकारखान्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा ठरलं: ही मध्यवस्ती 'वसाहत' म्हणून बांधायची. संरक्षकांनी दर्शनी बाजू सांभाळायची, संस्थेनं घरं द्यायची. संरक्षकांच्या दृष्टीनं ही हार होती असं म्हणणारे आहेत. मला वाटतं, त्यांच्यापुढे वाढलेल्या ताटातला तो एकमेव पोटभरीचा घास होता, आणि त्यांनी तो शहाणपणानं घेतला.

भिंतीच्या आत काय झालं

पूर्वीचा भूखंड म्हणजे लांबट पट्टी. रस्त्यावर अरुंद तोंड, आणि मागे खोलवर पसरलेलं घर: पुढे मुख्य इमारत, बाजूनं पाख्यासारखी पडवी, मागे आणखी एक घर, मध्ये चिंचोळं अंगण. तळमजल्यावर एक उंचच उंच दालन असायचं. व्यापाऱ्याचं तेच कार्यालय, तीच बैठक, तिथेच माल उतरायचा, तिथूनच लाकडी जिना वर जायचा. द्वुगा रस्त्यावरच्या उफागेन या व्यापाऱ्याच्या घरात अठराव्या शतकातली अशी रचना पुन्हा बसवली आहे. युद्धात सुटी करून बाहेर नेलेली भिंतींची लाकडी सजावट परत आणून तिथं १९९८ मध्ये संग्रहालय उघडलं. ते घर पाहिलं की शेजारच्या घरांत काय नाहीसं झालं याचा अंदाज येतो.

पुनर्बांधणीत मागची घरं, पडव्या, आतली अंगणं बांधलीच नाहीत. संपूर्ण चौकाच्या कडेनं फक्त एक पातळ ओळ उभी केली, आणि मधली सारी जागा मोकळी सोडली. तीच मी पाहिलेली गवताची आवारं. पूर्वी जिथे दाटीवाटीनं अंधाऱ्या खोल्या होत्या तिथे ऊन आलं, झाडं आली, मुलांना खेळायला जागा झाली. आधुनिक शहररचनेचा जो आग्रह होता, हवा आणि प्रकाश, तो असा मागच्या दारानं जुन्या शहरात शिरला.

आतली मांडणी तर पाहण्यासारखी आहे. रस्त्यावरून तीन वेगळी घरं दिसतात. तीन रंग, तीन माथे, तीन दारं. आत मात्र दोन-तीन घरांना मिळून एकच जिना. प्रत्येक अरुंद घराला स्वतंत्र जिना दिला असता तर राहायला जागाच उरली नसती. साहजिकच शेजारच्या घरांचे मजले एका पातळीवर आले, आणि खिडक्यांच्या ओळी त्यांच्याशी जुळवून घ्याव्या लागल्या. एका जागी मी बराच वेळ उभा राहून हे शोधत बसलो. एका घराच्या कोरीव दाराला कडी होती, पण उंबऱ्यावर पावलांची झीज नव्हती. ते दार उघडतच नसावं. शेजारच्या दाराचा दगड मात्र मधोमध खोलगट झालेला. तीनही घरांची माणसं त्या एकाच उंबऱ्यावरून सत्तर वर्षं आत-बाहेर करत आली असणार. त्या झिजेत मला या वस्तीचा खरा इतिहास दिसला, आणि तो समोरच्या नक्षीइतकाच मोलाचा आहे.

काय आठवायचं ठरलं

दर्शनी भागासाठी साधनं बरीच होती. युद्धपूर्व छायाचित्रं, जर्मन वास्तुविशारदांनी घेतलेली मापं, १९व्या शतकात योहान कार्ल शुल्त्स या चित्रकारानं कोरून ठेवलेली शहराची दृश्यं. ढिगाऱ्यातून दगडी चौकटींचे, माथ्यांवरच्या मूर्तींचे तुकडे निवडून काढले आणि जिथे जमलं तिथे परत बसवले. शत्रू ठरलेल्या समाजानं जमवलेल्या नोंदींवरून पोलिश कारागिरांनी शहर बांधलं, ही गोष्ट त्या काळात ठळकपणे सांगितली जात नसे. ती सांगायला हवी.

कारण निवड स्वच्छ नव्हती. १७९३ ही सीमारेषा मानली गेली. त्यापूर्वीचं, म्हणजे पोलिश राजाच्या छत्राखालचं, ते आपलं. त्यानंतरचं प्रशियाचं, ते नको. १९व्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथं मोठी दुकानं, उंच इमारती, नव्या धाटणीच्या दर्शनी भिंती आल्या होत्या. युद्धाच्या आदल्या दिवशी द्वुगा रस्ता आजच्यासारखा अजिबात दिसत नव्हता. पुनर्बांधणीत ते थर गाळले गेले आणि डच, फ्लेमिश, इटालियन वळणाच्या माथ्यांना पुढे आणलं. ज्या घरांची नोंद अपुरी होती तिथे रचनाकारांनी त्या काळाला शोभेल असं काहीतरी स्वतःच योजलं. म्हणजे आज जे दिसतं ते शहर या रूपात एकाच वेळी पूर्वी कधीच उभं नव्हतं.

टीकाकारांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दीडशे वर्षं पुसली गेली, आणि त्यांबरोबर इथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांचा उल्लेखही पुसला गेला. तो बराचसा अलीकडे, १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यानंतर, परत येऊ लागला आहे.

पण याच कामात एक अस्सल गोष्टही घडली. द्वुगा रस्त्याच्या भिंती रंगवायला सोपोतच्या कलाशाळेतले चित्रकार आणले. त्यांनी जुन्या चित्रांची नक्कल केली नाही. ओल्या गिलाव्याचे दोन रंगांचे थर देऊन वरचा थर खरवडायचा आणि खालचा रंग उघडा करायचा, या जुन्या इटालियन पद्धतीनं त्यांनी स्वतःची चित्रं काढली: माणसं, जहाजं, प्राणी, पानंफुलं. जवळ जाऊन पाहिलं तर रेषेत १९५०चं दशक स्पष्ट दिसतं; चेहऱ्यांची ठेवण, हातांचा जाडपणा, सगळं. पर्यटक ती चित्रं जुनी समजून पुढे जातात. मला ती या रस्त्यावरची सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली. ज्यांनी बांधलं त्यांचा हात तिथं उघड दिसतो.

स्मारकं

मोठ्या वास्तूंची कामं घरांच्या बरोबरीनं आणि नंतरही बरीच वर्षं चालली. सेंट मेरीचं छप्पर १९४७ मध्ये पुन्हा चढलं, पण लाकडाऐवजी प्रबलित काँक्रीटचं. १९५५ मध्ये चर्च पुन्हा पवित्र करण्यात आलं. नगरभवनाच्या ८० मीटरहून उंच मनोऱ्यावर राजा झिग्मुंत आवगुस्तची सोनेरी मूर्ती १५६१ पासून होती, ती जळाली. १९५० मध्ये प्रतिकृती बसली. आतल्या लाल दालनाचं सामान वेळेत हलवलेलं असल्यामुळे छतावरची इसाक व्हान डेन ब्लोकेची १६०८ची चित्रं आजही जागेवर आहेत. आर्टस सभागृहासमोरचा नेपच्यूनचा कारंजा युद्धात सुटा करून लपवला होता, तो १९५४ मध्ये परतला.

त्याच सभागृहात सोळाव्या शतकातली टाइल्सची शेगडी आहे. शेगडी म्हणजे स्वयंपाकाची नव्हे. खोली उबदार ठेवणारा, साडेदहा मीटर उंच मनोराच तो. १५४५-४६ची, ५२० रंगीत टाइल्सची, बऱ्याच टाइल्सवर युरोपातल्या राजा-राण्यांचे चेहरे नाहीतर कुलचिन्हांच्या ढाली. त्यात कॅथलिकही आहेत आणि प्रोटेस्टंटही. युद्धात ती सुटी करून नेली, तुकडे इकडेतिकडे झाले, गोळा करता करता दशकं गेली आणि १९९५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. बहुतेक टाइल्स मूळच्या. मी तिच्यासमोर मान वर करून उभा होतो तेव्हा शेजारी एक शाळकरी मुलगी टाइल्स मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती.

नदीकाठी झुराव्ह हा यारीचा दरवाजा: १४४२–४४ मध्ये बांधलेला, विटांच्या दोन बुरुजांमध्ये पुढे झुकलेला लाकडी डोलारा. आत माणसं चालून फिरवायची अवाढव्य चाकं. जहाजाची डोलकाठी उभी करायची तर चाकात माणसं उतरायची आणि तासन्‌तास चालायची. १९४५ मध्ये लाकूड सगळं जळालं, बुरुज उरले. डोलारा नव्यानं बांधला. अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये तो लोकांसाठी पुन्हा खुला झाला.

मारियात्स्का गल्लीबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी माणसाला तिथं काही समजावून सांगावं लागत नाही. घरांपुढे दगडी ओटे आहेत. पोलिश शब्द प्शेदप्रोझे, म्हणजे उंबऱ्यापुढचं. रस्त्यावरून चार-पाच पायऱ्या चढायच्या, मग कोरीव कठड्याचा ओटा, मग दार. ओट्याखाली तळघर, त्याला रस्त्यावरून वेगळं दार. संध्याकाळी घरची मंडळी ओट्यावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची. १९व्या शतकात वाहनांना अडथळा होतो म्हणून बऱ्याच रस्त्यांवरचे असे ओटे तोडले. चित्रकार शुल्त्स त्या तोडफोडीविरुद्ध लढत होता. मारियात्स्काचं काम मागाहून झालं आणि ते फार काळजीनं केलं. दोन ओट्यांच्या मधून पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडी पन्हळ असते, तिच्या टोकाला प्राण्याचं किंवा माशाचं तोंड. मी होतो तेव्हा पाऊस आला. ती दगडी तोंडं एकामागून एक पाणी ओकू लागली आणि तळघरातले अंबर या पिवळ्या खड्याचे दुकानदार बाहेर मांडलेल्या पेट्या आत ओढायला धावले.

वस्तीच्या कडेला

तडजोडीच्या सीमा कुठे होत्या तेही पाहायला हवं. उत्तरेकडच्या खऱ्या 'जुन्या शहरात' फक्त सुटी स्मारकं उभारली: मोठी गिरणी, सेंट कॅथरिन चर्च, जुनं नगरभवन. बाकी जागा आधुनिक इमारतींनी भरली. तिथे चालताना चर्च दिसतं, मग मोकळी जागा, मग ठोकळा, मग पुन्हा काहीतरी जुनं. रस्ता असा जाणवतच नाही. मध्यवस्तीत राखलेली भूखंडांची चिंचोळी लय किती मोलाची होती ते इथे पायाला कळतं.

मोत्वावापलीकडच्या धान्यकोठारांच्या बेटाकडे तर अनेक दशकं कुणी वळलं नाही. भरभराटीच्या काळात तीनशेहून जास्त कोठारं असलेलं ते बेट. प्रत्येक कोठाराला नाव आणि चिन्ह. १९४५ नंतर तिथे जळक्या भिंती आणि गवत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत उत्तरेकडचं टोक खासगी भांडवलाच्या मदतीनं बांधून काढलं. कोठारांच्या आकाराची आठवण देणारे टोकदार माथे, पण काच आणि गडद वीट. काही जुने भिंतींचे तुकडे आत सामावलेले. हॉटेलं, भाड्याच्या खोल्या, खानावळी. रचना बऱ्याच ठिकाणी चांगली आहे. पण हे बेट आणि समोरची मध्यवस्ती यांत एक मूलभूत फरक आहे: इथं आधी कुटुंबांची यादी नव्हती.

शेजारच्या शहरांशी ताडून पाहिलं की ग्दान्स्कचं वजन कळतं. पूर्वेला क्योनिग्सबर्ग, आजचं कालिनिनग्राद: तिथे किल्ल्याचे अवशेष १९६०च्या दशकाच्या अखेरीस उडवून दिले आणि मध्यभागात जुन्या शहराची ओळखच उरली नाही. जवळच्याच एल्ब्लाँगमध्ये मध्यवस्ती दशकानुदशकं मोकळी पडली होती. १९८०च्या दशकात तिथे वेगळी वाट काढली. जुन्या पायांवर, जुन्या रुंदीची, पण उघडपणे नव्या रूपाची घरं. संरक्षक मारिया लुबोत्स्का-होफमान यांनी या पद्धतीला 'रेट्रोव्हर्शन' हे नाव दिलं. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर एल्ब्लाँग सरस ठरेल. पण त्यासाठी चाळीस वर्षं थांबावं लागलं, आणि तोवर त्या जागेत एक अख्खी पिढी राहायची राहून गेली.

आजचा प्रश्न

मध्यवस्तीला १९९४ मध्ये पोलंडच्या 'इतिहास-स्मारक' यादीत स्थान मिळालं. म्हणजे पुनर्बांधणी आता स्वतःच वारसा ठरली आहे. पण जतनाची नजर अजून मुख्यतः रस्त्याकडच्या भिंतीवर असते. मागची आवारं, सामायिक जिने, साध्या गिलाव्याच्या बाजू यांकडे 'उरलेली जागा' म्हणून पाहिलं जातं. तिथे गाड्या वाढतात, कुंपणं पडतात. माझ्या मते १९५०च्या दशकाची खरी निर्मिती तीच आहे. दर्शनी भाग दुसऱ्या शतकांकडून उसना घेतला; आवार कुणाचंच उसनं नव्हतं. त्याची नोंद, मोजणी आणि राखण त्याच काटेकोरपणानं व्हायला हवी.

त्याहून निकडीचा प्रश्न राहणाऱ्यांचा आहे. घरं १९८९ नंतर मोठ्या प्रमाणावर खासगी मालकीची झाली. पर्यटन वाढलं तसं चार-दोन रात्रींसाठी खोल्या भाड्यानं देणं मालकांना अधिक परवडू लागलं. पहिल्या रहिवाशांची पिढी संपत आली आहे. त्यांची मुलं उपनगरांत गेली. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत खाली गर्दी आणि गाणी, हिवाळ्यात वरच्या खिडक्या अंधाऱ्या. हाच प्रश्न युरोपातल्या अनेक शहरांत आहे, पण इथे तो जास्त टोचतो, कारण या वस्तीच्या असण्याचं कारणच बिऱ्हाडं हे होतं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा त्या झिजलेल्या उंबऱ्यापाशी गेलो. दाराशेजारी घंटांच्या बटणांची पाटी होती. काही बटणांसमोर हातानं लिहिलेली आडनावं, शाई फिकट झालेली. बाकीच्यांसमोर नुसते आकडे. पाटीखालच्या लोखंडी गजाला आकड्यांची कुलपं असलेल्या चार छोट्या डब्या अडकवलेल्या, पाहुण्यांच्या किल्ल्यांसाठी. एक तरुण जोडपं चाकांच्या बॅगा ओढत आलं, फोनवर आकडा पाहून एक डबी उघडू लागलं. ती उघडेना. तेवढ्यात पिशवीत पाव आणि भाजी घेतलेल्या एक आजी आल्या, आपल्या किल्लीनं दार उघडलं, आणि त्या दोघांना आत घेण्यासाठी ते पाठीनं धरून उभ्या राहिल्या.